दोन सहली : ‘दृश्यम्’विषयी थोडेसे

मल्याळम् चित्रपट हा पूर्व विदर्भातील आमच्या धर्मग्रामांना परका नाही. रेल्वेत, रुग्णालयांत, मिशनच्या शाळांत नोकरीनिमित्त आलेली केरळी कुटुंबे येथे दोन-दोन पिढ्या राहिली आहेत. त्यांच्याबरोबर माशाच्या कालवणाचा आणि नारळाच्या तेलाचा वास जसा आला, तसा त्यांचा चित्रपटही आला. प्रथम व्हिडिओ कॅसेटमधून, मग तबकड्यांतून आणि आता प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रातून. पूर्वी केवळ मल्याळी घरांतून चालणारे हे रविवार-दुपारचे चित्रपटदर्शन आता मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचले आहे. खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत लोक हसतात व डोळे पुसतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्यावर चर्चा करतात. धर्मगुरूंना ‘अच्चन’ म्हणतात हे आमच्या मराठी मुलांना ठाऊक झाले ते याच शाळेतून.

या साऱ्या चित्रपटांत एकाने मात्र असे घर केले आहे की, त्याविषयी लिहिल्यावाचून आम्हाला राहवत नाही. जीतू जोसेफ यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘दृश्यम्’ १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. त्या वर्षीचा लोकप्रिय आणि कलात्मक चित्रपटासाठीचा केरळ राज्य पुरस्कार त्याला मिळाला. पुढे कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि चिनी भाषांत त्याचे नवे अवतार झाले. हिंदी अवतार २०१५ साली ‘डोंबिवली फास्ट’कार निशिकांत कामत यांनी घडविला, त्यामुळे मराठी माणसाला ही कथा बहुधा त्याच वाटेने ठाऊक आहे. आम्ही मात्र मूळ चित्रपटाविषयी बोलणार आहोत. जे हिंदीत हरवले ते आम्हा ख्रिस्ती वाचकांच्या विशेष कामाचे आहे, म्हणून.

कथा थोडक्यात अशी. इडुक्की जिल्ह्यातील डोंगराळ गावात जॉर्जकुट्टी हा केबल टीव्हीचा धंदा करतो. तो पोरका, चौथी इयत्तेपर्यंत शिकलेला, पोटाला चिमटा घेऊन वर आलेला आहे. पत्नी राणी आणि अंजू व अनु या दोन मुली एवढेच त्याचे जग. रात्र-रात्र दुकानात बसून चित्रपट पाहणे हे त्याचे एकमेव व्यसन. कायदा, पोलीस, साक्षीपुरावा हे सारे तो पडद्यावरूनच शिकला आहे. थोरली अंजू शाळेच्या निसर्गशिबिरास जाते. तेथे वरुण नावाचा एक मुलगा ती आंघोळ करीत असताना मोबाईलवर चोरून तिचे चित्रण करतो आणि पुढे त्या चित्रणाच्या बळावर तिला छळू लागतो. एका रात्री तो तिच्या घरी येतो. आई त्याच्या पाया पडते. तो आईकडेच नको ती मागणी करतो. त्या झटापटीत मुलीच्या हातून त्याच्या डोक्यावर घाव बसतो आणि तो मरतो. तो पोलीस महानिरीक्षक गीता प्रभाकर यांचा एकुलता एक मुलगा असतो. यापुढचा सारा चित्रपट म्हणजे बापाने कुटुंबाला वाचविण्यासाठी रचलेले असत्य होय.

आता या कथेत दोन सहली आहेत, इकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले आम्हाला दिसले नाही. पहिली सहल म्हणजे अंजूचे निसर्गशिबिर. दुसरी म्हणजे जॉर्जकुट्टीने पोलिसांना सांगितलेली सहल : २ ऑगस्टला आम्ही सहकुटुंब तोडुपुळा येथे रिट्रीटला गेलो, लॉजवर राहिलो, चित्रपट पाहिला, हॉटेलात जेवलो आणि परत आलो. पहिली सहल निर्दोष समजून मुलीला पाठविली, आणि तिच्यातून अनर्थ उद्भवला. दुसरी सहल सर्वांगाने पवित्र व कौटुंबिक दिसते, आणि तीच अनर्थावरचे पांघरूण आहे. मजा अशी की दुसरी सहल पूर्णपणे काल्पनिकही नाही. कुटुंब खरोखरच तोडुपुळ्याला गेले होते, तेथे जेवले, तेथे चित्रपट पाहिला. खोटी होती ती फक्त तारीख. जॉर्जकुट्टी काही दिवसांनी एकटाच परत जातो, त्या लॉजवाल्याशी, हॉटेलवाल्याशी, चित्रपटगृहातल्या माणसाशी सहज गप्पा मारतो, आणि बोलता बोलता २ तारीख त्यांच्या मनात रुजवून येतो. म्हणून चौकशीत साक्षीदार खोटे बोलत नाहीत. त्यांनी जॉर्जकुट्टीला, त्याच्या बायकोला, मुलींना डोळ्यांनी पाहिले होते. डोळ्यांनी पाहिलेले चित्र पक्के राहते आणि त्याखालची तारीख मात्र कुणीही बदलू शकतो, हे त्या चौथी शिकलेल्या माणसाने ओळखले होते. ‘दृश्यम्’ हे नाव येथे सार्थ होते. पटकथेच्या कारागिरीचा यापेक्षा सुंदर नमुना लोकप्रिय भारतीय चित्रपटात आम्ही क्वचितच पाहिला.

येथे आम्हाला नागझिरा आठवतो. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांची शनिवार-रविवारची सहल म्हटली की ती बहुतेक वेळा तिकडेच वळते. साकोलीवरून पिटेझरीच्या फाटकाने किंवा गोंदियाकडून मंगेझरी वा चोरखमाऱ्याच्या बाजूने आत शिरले, की ऐन, बिजा, तेंदू, मोहाचे रान सुरू होते. नाग आणि झिरा, देवस्थान आणि बारमाही पाझर, असे ते जोडनाव. १९७० साली अभयारण्य झालेल्या या रानाला नवेगाव, कोका व नवीन नागझिरा यांच्यासह व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला तो डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे ‘दृश्यम्’ पडद्यावर आला त्याच महिन्यात. अर्थात या योगायोगात काही अर्थ शोधण्याइतके आम्ही हौशी नाही. मात्र एक गोष्ट विनोदाने सांगावीशी वाटते. जॉर्जकुट्टी आमच्या धर्मग्रामात असता, तर त्याला नागझिऱ्याची सहल साक्षीला आणता आली नसती. २ ऑगस्टला पावसाळ्यामुळे गाभ्याच्या जंगलाची फाटके बंद असतात. आणि उघडी असतात तेव्हा प्रत्येक गाडीची, प्रत्येक माणसाची तारखेसह नोंद होते. रानाची वही हॉटेलवाल्याच्या स्मरणशक्तीहून कठीण आहे.

विनोद बाजूला ठेवू. चित्रपटाने आमच्याकडे जे केले ते विनोदाचे नाही. गेल्या हिवाळ्यात युवक-युवतींसाठी नागझिऱ्याच्या परिसरात दोन दिवसांचे निसर्गशिबिर ठरले, तेव्हा मुलांची नावे भराभर आली आणि मुलींची अडखळली. एका मातेने स्पष्टच सांगितले, “फादर, आम्ही तो सिनेमा पाहिला आहे.” त्या एका वाक्यापुढे आम्ही काही बोललो नाही. तिची भीती खोटी नव्हती. परंतु चित्रपटातून तिने जो निष्कर्ष काढला, तो चित्रपटाने दिलेला आहे काय, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आणि या लेखाचे खरे कारण तोच आहे.

आमचे उत्तर असे की, चित्रपटाने तो निष्कर्ष अर्धवट दिला आहे, आणि हे त्याचे सर्वांत मोठे उणेपण आहे. अंजूचा काही एक अपराध नाही. तिचे चोरून चित्रण झाले; लाज वाटायची तर ती चित्रण करणाऱ्याला. पण चित्रपटातले प्रत्येक माणूस, अगदी प्रेमळ बापसुद्धा, हे चित्रण बाहेर आले तर आपण संपलो असे मानूनच वागतो. दिग्दर्शकही या गृहीतकाला कोठे प्रश्न विचारीत नाही. प्रेक्षकाने ते मानावे म्हणूनच तो धडपडतो, कारण ते मानले नाही तर पुढची सारी इमारत कोसळते. वास्तविक २०१२ साली बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा आला होता. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीचे असे चोरून चित्रण करणे हा भारतीय दंडविधानात स्वतंत्र गुन्हा ठरला. आजच्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७७ खाली येतो. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क तर त्याहून कितीतरी जुना आहे. कोणी म्हणेल, समोर पोलीस महानिरीक्षकाचा मुलगा आहे, ठाण्यात सहदेवनसारखा लाचखाऊ शिपाई आहे, गरिबाने कायद्यावर विश्वास कसा ठेवावा? हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. कलाभवन षाजोण यांनी रंगविलेला तो सहदेवन इतका ओळखीचा आहे की त्याला पाहून प्रेक्षक दात-ओठ खातात. जॉर्जकुट्टीचा अविश्वास समर्थनीय आहे. पण अविश्वास आणि लाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चित्रपट पहिलीच्या आधाराने दुसरीला न्याय्य ठरवितो.

आता त्या रिट्रीटविषयी. जॉर्जकुट्टीने आपल्या असत्यासाठी सत्राला जाणे का निवडले? तो म्हणू शकला असता की लग्नाला गेलो होतो, नातलगाकडे गेलो होतो. पण सहकुटुंब रिट्रीटला गेलेल्या माणसावर कोण संशय घेणार? केरळमधील रिट्रीटच्या चळवळी ज्यांना माहीत आहेत, त्यांना या निवडीतले शहाणपण लगेच कळेल. गुन्ह्याच्या दिवशी प्रार्थनेला बसलेले कुटुंब ही प्रतिमाच निर्दोषत्वाची आहे. मोशेच्या आज्ञांचा हिशेब मांडला तर पाचव्या आज्ञेचा भंग झाकण्यासाठी आठवी मोडली, आणि आठवी टिकावी म्हणून दुसरी : परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नकोस. आम्हाला यात राग येण्याजोगे काही वाटत नाही. उलट, आमच्या भक्तीचा कसा उपयोग होऊ शकतो, हे या लोकप्रिय चित्रपटाने आम्हाला ज्या सहजतेने दाखविले, ते आमच्या अनेक प्रवचनांना साधलेले नाही. हिंदीत याचे सत्संग झाले, गाव पणजी झाले आणि हॉटेलच्या जेवणाची पावभाजी झाली. तारीख २ ऑक्टोबर झाली. सत्याच्या पुजाऱ्याच्या जयंतीला रचलेले असत्य, ही कल्पना चांगली होती, पण त्या चित्रपटाने तिचे काही केले नाही. रिट्रीटला जे वजन होते ते सत्संगाला आले नाही, कारण रिट्रीटमध्ये पापनिवेदन असते. ज्या ठिकाणी माणूस आपले पाप सांगण्यासाठी जातो, ते ठिकाणच पाप लपविण्यासाठी वापरले गेले. मूळ चित्रपटातला हा उपरोध भाषांतराच्या प्रवासात गळून पडला.

पापनिवेदनाचा विषय निघाला आहे, तर त्या जलाशयाकाठच्या प्रसंगाकडे येऊ. चौकशी फसते. गीता प्रभाकर नोकरी सोडतात. पती-पत्नी जॉर्जकुट्टीला भेटायला बोलावतात आणि बापाच्या तोंडून एकच विनंती करतात : आमच्या मुलाचे काय झाले एवढे सांग. आशा शरत् आणि सिद्दिक यांनी हा प्रसंग फार संयमाने केला आहे. एकुलते एक लेकरू गमावलेल्या आईबापांच्या जागी आम्ही आजवर ज्यांच्या शेजारी बसलो, त्यांचे चेहरे आम्हाला तेथे दिसले. जॉर्जकुट्टी सरळ काहीच सांगत नाही. आमच्या छोट्याशा घरात एक निमंत्रण नसलेला पाहुणा आला, असे तो आडवळणाने बोलतो आणि क्षमा मागतो. मोहनलाल यांचा सारा अभिनय येथे खांद्यांत आहे, आवाजात जवळजवळ नाहीच. २०२५ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला, तेव्हा आम्हाला प्रथम हा प्रसंग आठवला.

सेमिनरीत आम्हाला शिकविले होते की, प्रायश्चित्ताच्या संस्कारात पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई ही तीन अंगे पापी माणसाच्या वाट्याची. जॉर्जकुट्टीपाशी पहिले आहे, दुसरे अर्धे आहे, तिसरे नाही. तो मृतदेह परत देत नाही. देऊच शकत नाही, कारण तो कोठे आहे हे चित्रपट शेवटच्या क्षणी आम्हाला सांगतो : ज्या नव्या पोलीस ठाण्यात तो सही करायला आला आहे, त्याच ठाण्याच्या जमिनीखाली. प्रेक्षागृहात या क्षणी टाळ्या पडतात. आमच्या सभागृहात पडल्या तेव्हा आम्हीही त्या चातुर्याने चकित झालो होतो. पण टाळ्या वाजविणाऱ्या एकाही हाताला गीता प्रभाकर आठवत नाहीत, ही गोष्ट नंतर बोचत राहते. वरुण कसाही असो, त्याची आई त्याला पुरायला मागते आहे. मेलेल्याला माती देणे हे आमच्याकडे दयेच्या कृत्यांत मोडते, आणि येथे नेमके तेच नाकारलेले आहे.

दिग्दर्शकालाही हे बोचले असावे, असे ‘दृश्यम् २’ पाहताना वाटते. हा दुसरा भाग १९ फेब्रुवारी २०२१ रोजी थेट घरोघरच्या पडद्यांवर आला. साथीच्या त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातल्या कित्येक घरांनी तो एकाच आठवड्यात पाहिला. मधली सहा वर्षे लोटली आहेत. जॉर्जकुट्टी आता चित्रपटगृहाचा मालक झाला आहे. पण अंजूला झटके येतात, पोलिसांची गाडी दिसली की ती थरथरते. असत्याने कुटुंब तुरुंगातून वाचले, मात्र मुलगी वाचली नाही. पहिल्या भागातल्या टाळ्यांचे बिल दुसऱ्या भागाने तिच्या नावावर फाडले आहे. शेवटी वरुणच्या अस्थी त्याच्या आईबापांपर्यंत पोहोचतात, म्हणजे ते राहिलेले तिसरे अंगही काहीसे पुरे होते. कारागिरीत हा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही. न्यायालयातला उलगडा तर फार सोयीचा आहे. तरी नैतिक दृष्टीने तो आम्हाला पहिल्याहून प्रामाणिक वाटतो.

चिनी अवताराची गंमत निराळीच. २०१९ च्या त्या चित्रपटाचे इंग्रजी नाव ‘शीप विदाऊट अ शेफर्ड’, मेंढपाळ नसलेली मेंढरे. म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानातले शब्द. त्यात बाप अखेरीस स्वतःहून कायद्याच्या हाती जातो. काही समीक्षकांना हा शेवट लादलेला वाटतो, आणि कलेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. जो माणूस दोन तास बुद्धीने लढला तो एकाएकी हात वर करतो, हे पचत नाही. परंतु मल्याळम् शेवटाइतका तो चतुर नाही म्हणून तो खोटा, असे आम्ही म्हणणार नाही.

ख्रिस्तसभेने चित्रपटाकडे नेहमीच संशयाने पाहिले, असा एक समज आहे. पोप अकरावे पायस यांचे १९३६ चे परिपत्रक मुख्यतः चित्रपटांच्या धोक्यांविषयी होते हे खरे. पण बाराव्या पायसांनी १९५७ साली याच माध्यमाला देवाच्या देणग्यांत गणले. पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९९८ चे प्रभुवाराविषयीचे पत्र तर शनिवार-रविवारच्या विश्रांतीचेही स्वागत करते. त्यांची तक्रार एवढीच की प्रभुवार हा निव्वळ सुटीचे शेपूट होऊन बसू नये. आमच्याकडे याचे रूप फार साधे आहे. नागझिऱ्याला निघणारी कुटुंबे विचारतात, “फादर, शनिवार संध्याकाळचा मिस्सा चालेल ना?” चालतो. धर्मविधानाने तशी सोय केलेली आहे, आणि पहाटेच्या गाडीला बसणाऱ्या माणसाने ती वापरावी यात आम्हाला काही गैर दिसत नाही.

गैर दिसते ते पुढे, रानात. गाडी फाटकातून आत शिरते आणि माणसे वाघाची वाट पाहू लागतात, जणू तिकीट काढले आहे म्हणजे तिसऱ्या अंकात वाघ यायलाच हवा. रानगवा दिसला, रानकुत्र्यांची टोळी दिसली, तरी “काहीच नाही दिसले” असे म्हणत परततात. व्यंकटेश माडगूळकर याच रानात मुक्कामाला राहिले आणि ‘नागझिरा’ लिहिले. किरण पुरंदरे वर्षाहून अधिक काळ राहिले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिले. त्यांच्या पुस्तकांत पाखरू, पाऊलखूण, पाणवठा यांना वाघाइतकीच जागा आहे. नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेलेला जय नावाचा वाघ २०१६ साली दिसेनासा झाला. त्याच जंगलात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाड्यांत बसलेल्या त्या माणसांचे हात कशात गुंतले होते ते सांगायला नको. ज्याला पाहतो आहोत त्याची संमती न विचारता त्याचे चित्र खिशात घालणे, याची सुरुवात कोठे होते आणि शेवट कोठे, हा प्रश्न ‘दृश्यम्’ने शिबिराच्या त्या न्हाणीघरापाशी उभा केला आहे. दुर्दैवाने चित्रपट तेथे थांबत नाही; त्याला पुढच्या चातुर्याची घाई आहे.

त्या मातेला आम्ही पुढे दोन्ही भाग एकापाठोपाठ पाहावयास सांगितले, आणि दुसरा भाग मुलीबरोबर बसून पाहावा असेही सुचविले. शिबिराच्या नियमांत आम्ही दोन गोष्टी घातल्या. सर्वांचे मोबाईल संध्याकाळी एका पेटीत जमा होतील, आणि मुलींच्या निवासाची जबाबदारी दोन सिस्टर्सकडे राहील. दुसरी यादी लागली तेव्हा तिच्या मुलीचे नाव तीत होते. मुलीने आम्हाला एकच विचारले, “फादर, पेटीची किल्ली कोणाकडे राहणार?” ती सिस्टरांकडे राहील असे आम्ही तिला सांगितले.